स्क्रीन अंधारली? माउस सोडा, आधी वाचा

ड्रायव्हर (प्रिंटरसारखं यंत्र काँप्युटरला जोडून देणारं सॉफ्टवेअर) किंवा दुसरं नवं सॉफ्टवेअर टाकायला घेतलं की सगळी स्क्रीन अंधारते आणि मधोमध एक चौकट उभी राहते. मग आमच्या राजारामपुरीच्या दुकानात फोन येतो, "काँप्युटर अडकलाय बघा!" अडकलेला नसतो, तो तुम्हाला परवानगी मागत असतो. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून विंडोजची ही पद्धत आहे. उत्तर मिळेपर्यंत बाकी कुठला प्रोग्रॅम या चौकटीपर्यंत पोचू शकत नाही, म्हणजे एखादं लबाड सॉफ्टवेअर तुमच्या वतीनं स्वतःच 'यस' दाबू शकत नाही.

माउस चालत नसला तरी अडत नाही. ऑल्ट दाबून धरा आणि वाय दाबा, की होकार. ऑल्ट आणि एन किंवा नुसतं एस्केप म्हणजे नकार. (विंडोज इंग्रजीत असेल तर.) घाईत नुसतं एंटर दाबू नका. चौकट उघडते तेव्हा निवड 'नो' वर असते, म्हणून एंटर दाबलं की नकारच जातो आणि "इन्स्टॉल होईना" म्हणून पुन्हा फोन येतो. चौकट दिसत नसेल आणि खालच्या पट्टीवर ढालीचं चित्र चमकत असेल, तर ऑल्ट-टॅबनं तिथं जा.

होकार देण्याआधी पब्लिशरचं, म्हणजे सॉफ्टवेअर काढणाऱ्या कंपनीचं, नाव वाचा. प्रिंटरचा ड्रायव्हर टाकताय, तर तिथं त्याच कंपनीचं नाव हवं. चौकटीचा माथा पिवळा आणि नावाच्या जागी 'अननोन' असेल, तर फाइल कुठून आणली ते आठवा. तुम्ही काहीच सुरू केलं नसताना चौकट आली, तर सरळ एस्केप दाबा आणि आम्हाला कळवा.

आम्ही दुरून तुमच्या मशीनवर काम करत असतो, तेव्हा ही चौकट आम्हाला बहुतेक वेळा दिसतच नाही, आमच्याकडं पडदा काळा होतो. अशा वेळी पब्लिशरचं नाव फोनवर वाचून दाखवा, आम्ही सांगितलं की मगच ऑल्ट-वाय. दुसरं कोणी, अगदी बँकेचं नाव सांगून, हेच करायला लावत असेल तर फोन ठेवून द्या.

काउंटरवरच्या पोरांना विंडोजमध्ये वेगळं साधं (स्टँडर्ड) खातं काढून द्या. त्यात चौकट मालकाचा पासवर्ड मागते, नुसत्या ऑल्ट-वायनं भागत नाही. तो पासवर्ड मात्र मॉनिटरला चिकटवू नका. एका गुळाच्या अडतीवर तो हमालापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांना पाठ झालेला आम्ही पाहिलाय.