क्वेव्रीला अँफोरा म्हणू नका

सध्या ‘अँफोरा वाइन’चं पेव फुटलंय. मातीच्या भांड्यात आंबवलेली कुठलीही वाइन असो, लेबलवर अँफोरा. जॉर्जियातल्या काखेतीत गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेलं भांडं असलं, तरी बातमीत अँफोराच. त्या भांड्याला क्वेव्री म्हणतात. गच्चीवरच्या टाकीला आपण घागर म्हणत नाही. इथे मात्र बिनधास्त म्हटलं जातं.

अँफोरा बहुतेकांनी निदान फोटोत पाहिलेला असतो: उंच मान, दोन कान, निमुळतं बूड. मूळ ग्रीक नावातच ‘दोन्ही बाजूंनी उचलायचं’ असा अर्थ आहे. रोमन मापात एक अँफोरा म्हणजे साधारण २६ लिटर. आतून राळ, तोंडाला बूच, आणि माल जहाजावर. एवढं पुरे.

क्वेव्रीला कान नसतात, कारण ती उचलायचीच नसते. शेकडो ते हजारो लिटरची ही भांडी ‘मारानी’त, म्हणजे वाइनच्या कोठारात, एकदा पुरली की पुरली. जमिनीवर दिसतं ते फक्त तोंड.

खरी गफलत होते ती बुडापाशी. दोघांचंही बूड निमुळतं, म्हणून चित्रात ती सख्खी भावंडं वाटतात. पण अँफोराचं टोक वाहतुकीसाठी आहे. खालच्या थरातल्या भांड्यांच्या खांद्यांमध्ये जी फट राहते, तिच्यात वरच्याचं टोक बसतं. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ माद्राग द जियाँला बुडालेल्या रोमन जहाजात सहा-सात हजार अँफोरे असेच तीन थरांत रचलेले होते. शिवाय ओतताना एक हात कानाला, दुसरा टोकाला. ते टोक भरीव असतं, म्हणून आदळआपट सोसतं.

क्वेव्रीचं टोक गाळासाठी. काखेतीत द्राक्षं तुडवून रस, सालं, बिया आणि घडाचे देठ, सगळं एकत्र आत जातं. या चोथ्याला ‘चाचा’ म्हणतात. (त्याचीच दारू गाळतात, तिचंही नाव चाचा. हा गोंधळ जॉर्जियन लोकांनी स्वतःच करून ठेवलाय.) भांडं काठोकाठ भरत नाहीत, कारण आंबताना सालांचा थर फुगून वर येतो. तो दिवसातून तीन-चार वेळा लाकडी दांड्याने खाली दाबावा लागतो. कंटाळा केला की वरचा थर कोरडा पडतो, हवा लागते आणि व्हिनेगरचा भपकारा येतो. आंबणं थांबलं की चोथा आपला आपण खाली बसतो: जड बिया आधी टोकात, त्यांच्यावर देठ आणि सालं. बियांचा कडवटपणा त्या टोकातच दबून राहतो. म्हणूनच दगडी झाकण ठेवून, मातीने लिंपून पाच-सहा महिने चोथ्यावर ठेवलेली वाइनही कडूजहर होत नाही. वसंतात वरची नितळ वाइन दुसऱ्या क्वेव्रीत काढून घेतात. सपाट बुडाच्या भांड्यात बिया पसरून बसतात आणि सगळ्या वाइनला लागतात.

आणि पुरतात ते जागा वाचवायला नव्हे. हजार लिटरचा दाब भाजलेल्या मातीची भिंत एकटी पेलत नाही. तिला बाहेरची जमीन धरून ठेवते. आंबताना निघणारी उष्णताही जमीनच ओढून घेते. जमिनीखालच्या स्थिर तापमानाचा फायदा सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांनीही घेतलाच की.

अस्तराबद्दल थोडक्यात. क्वेव्रीला भट्टीनंतर गरम असतानाच मधमाश्यांचं मेण चोळतात, तेही छिद्रं भरण्यापुरतं. जाड थर दिला तर पापुद्रे सुटतात, त्यांच्यामागे वाइन शिरते आणि ती फट कितीही घासली तरी स्वच्छ होत नाही. अँफोरातली राळ वाइनला आपली चव देते. मला ती औषधासारखी लागते.

आता ‘८००० वर्षांची क्वेव्री’ हा दावा. त्बिलिसीच्या दक्षिणेला गाडाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा इथल्या खापरांत द्राक्षाच्या वाइनची रासायनिक खूण, टार्टारिक आम्ल, सापडल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं. काळ इ.स.पू. सुमारे ६०००. हे वय मडक्यातल्या वाइनचं. टोकदार बुडाची, गळ्यापर्यंत पुरलेली क्वेव्री त्यानंतर हजारो वर्षांनी येते. युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतली तीही क्वेव्रीतली वाइन करण्याची पद्धत. एखादं प्राचीन भांडं नव्हे.

रोमन जगात क्वेव्रीचा जोडीदार शोधायचाच असेल तर तो डोलियम, म्हणजे मातीचा रांजण. तोही मोठा आणि अनेकदा पुरलेला. वाइन डोलियममध्ये तयार व्हायची, मग अँफोरात भरून निघायची.

पण कान नाहीत म्हणजे क्वेव्री, असाही नियम करू नका. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापारावरच्या ग्रीक पुस्तकामध्ये भरुचला येणाऱ्या मालात वाइन आहे, तीही इटलीची जास्त पसंतीची. त्यामुळे पश्चिम भारतात निमुळत्या बुडाचं खापर निघालं की ‘रोमन अँफोरा’ अशी नोंद व्हायची. त्यांतली बरीच खापरं पुढे इराण-इराकच्या बाजूच्या ‘टॉर्पेडो’ बरण्यांची निघाली: बूड टोकदार, कान नाहीत, आणि तरीही भांडी जहाजातून आलेली. त्यांची ओळख आतल्या बाजूला पटते. तिथे राळ नाही, मेण नाही. काळंकुट्ट डांबर असतं.