सापाची भीती कशी जाते?

एमआरआय यंत्रात माणूस उताणा झोपला आहे. त्याच्या डोक्याच्या दिशेने येणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर जवळपास दीड मीटर लांबीचा एक जिवंत कॉर्न स्नेक. एक बटण दाबलं की साप जवळ येतो, दुसरं दाबलं की लांब जातो. कोणतं दाबायचं हे त्या माणसानेच ठरवायचं. इस्राएलच्या वाइझमन संस्थेने हा प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सापाला घाबरणारे लोक होते, तसे न घाबरणारेही.

संशोधकांनी भीती दोन प्रकारे मोजली. किती भीती वाटतेय हे माणूस स्वतः सांगे, आणि त्वचेला सुटणाऱ्या घामावरून शरीराची अवस्था कळे. मनातली भीती आणि अंगातली भीती एकदम चढल्या की लोक साप मागे ढकलत. दोन्हींपैकी एकच चढलेली असेल, तर मात्र तो जवळ आणणं जमत असे. त्या क्षणी मेंदूच्या पुढच्या भागातला, आतल्या बाजूला खाली असलेला एक छोटा भाग जास्त सक्रिय होता. म्हणजे हाताला दरदरून घाम फुटलेला असतानाही धाडस करता येतं. आधी भीती जाईल आणि मग आपण सापाजवळ जाऊ, असं म्हणून थांबलेला माणूस बहुधा थांबलेलाच राहतो.

ही भीती आपण जन्मासोबत आणतो का? १९८० च्या दशकात अमेरिकेत सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांनी ऱ्हिसस माकडांवर केलेले प्रयोग इथे वाचण्यासारखे आहेत. जंगलात वाढलेली माकडं सापाला घाबरत, प्रयोगशाळेत जन्मलेली घाबरत नसत. पण सापासमोर घाबरलेलं दुसरं माकड नुसतं पाहिलं की तीही लगेच घाबरायला शिकत. मग चित्रफितीत फेरफार करून तेच माकड फुलांना घाबरतंय असं दाखवलं. फुलांची भीती कोणी शिकलं नाही! सापाची भीती आयती मिळत नाही, पण ती शिकायला मेंदू फार उत्सुक असतो. दुसरा निष्कर्ष आईबापांच्या कामाचा आहे. ज्या माकडांनी आधी सापासमोर शांत राहिलेलं माकड पाहिलं होतं, त्यांच्यापैकी बहुतेकांना नंतर घाबरलेलं माकड पाहूनही भीती चिकटली नाही. घरात पाल दिसली तरी किंचाळणाऱ्या मोठ्यांनी यावर जरा विचार करावा.

चिकटलेली भीती काढता येते, हे त्याआधीच दिसलं होतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये सापाची तीव्र भीती असलेल्या लोकांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. काहींना चित्रफीत दाखवली, काहींना शिथिल होऊन सापाची कल्पना करायला लावली. सर्वांत प्रभावी ठरला तो तिसरा मार्ग. आधी दुसरा माणूस साप हाताळतोय ते काचेआडून पाहायचं, मग त्या खोलीत जायचं, मग त्याच्या मदतीने आधी हातमोजा घालून आणि नंतर उघड्या हाताने सापाला स्पर्श करायचा. या गटातल्या ९२ टक्के लोकांची भीती गेली. साप बुळबुळीत नसतो, कोरडा आणि गुळगुळीत असतो, ही गोष्ट पुस्तकात शंभर वेळा वाचून जेवढी पटत नाही तेवढी बोटाला एकदा कळली की पटते.

अमेरिका-युरोपात अशी ओळख झालेली काही माणसं पुढे साप पाळतात, आणि तिथे बहुधा पहिला येतो तो हाच कॉर्न स्नेक. तो आग्नेय अमेरिकेतला, बिनविषारी, विळखा घालून उंदीर मारणारा. मोठ्या सापाला आठवडा-दोन आठवड्यांतून एकदा, गोठवून मग कोमट केलेला मेलेला उंदीर पुरतो. पेटीची एक बाजू उबदार आणि दुसरी थंड लागते, कारण शरीराचं तापमान तो जागा बदलून सांभाळतो. लपायला जागा हवी, आणि झाकण पक्कं, कारण फटीतून निसटण्यात हा पटाईत! नीट ठेवला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. हौस त्याआधी फिटली तर काय, हे आणण्यापूर्वीच ठरवलेलं बरं.

पाळणाऱ्याला वाटतं, साप आपल्याला ओळखायला लागला, जीव लावायला लागला. तसा पुरावा नाही. पिल्लू सुरुवातीला शेपटी थरथरवतं, चावायलाही येतं, कारण त्याच्या लेखी आपण शिकारी असतो. रोज थोडा वेळ, खालून आधार देत, घाई न करता हाताळलं की हा मोठा प्राणी आपल्याला खात नाही एवढं त्याला कळतं. माणसाच्या बाबतीत बँडुरांनी जे केलं, जवळपास तेच इथे सापाच्या बाबतीत होतं. खाल्ल्यावर दोन दिवस मात्र त्याला हात लावायचा नाही, नाहीतर तो खाल्लेलं ओकू शकतो. कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ होतात, तेव्हाही नाही. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नसतं.

हे वाचून कोणी शेतातली धामण किंवा तस्कर उचलून घरी आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे साप पकडून पाळणं गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या, सायटिस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारात नोंदलेल्या परदेशी प्रजातींची २०२४ च्या नियमांनुसार नोंदणी करावी लागते. शिवाय भारतातल्या सापभीतीला ठोस कारणही आहे: २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं दगावली असा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्यापासून लांब राहायला लावणारी भीती घालवायची नाही. घालवायची ती बिनविषारी दिवड दिसल्याबरोबर काठी शोधायला लावणारी. त्यासाठी साप हातात घ्यायची गरज नाही. पुण्यात कात्रजच्या सर्पोद्यानात काचेपलीकडे साप आहेतच, आणि बँडुरांची पहिली पायरी तीच होती. घरात साप निघाला, तर त्याच्यावर लांबून नजर ठेवून सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करता येईल इतकं डोकं शांत राहिलं, तरी पुरे.