नंदा तळं: उथळ पाण्याची श्रीमंती

दक्षिण गोव्यातल्या कुडचड्याचं नंदा तळं अवघं ४२ हेक्टरांचं, म्हणजे शंभरेक एकर. ओडिशातल्या चिलिका सरोवराचं रामसर क्षेत्र १,१६,५०० हेक्टर आहे. तरीही २०२२ साली नंदा तळ्याला रामसर दर्जा मिळाला आणि ते गोव्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी झालेल्या करारातून हा दर्जा येतो.

हे तळं म्हणजे जुवारी नदीच्या एका प्रवाहालगतची गोड्या पाण्याची दलदल. पावसाळा सरला की लोक इथं पाणी अडवतात, त्यावर खालच्या अंगाला भात पिकतं, मासेमारीही चालते. ही माणसांची वहिवाट तळ्याच्या जगण्याचाच भाग आहे.

त्याचं खरं बळ उथळपणात आहे. पाणी फार खोल नसलं की ऊन तळापर्यंत पोहोचतं आणि वनस्पती काठापुरत्या न राहता मधेही मूळ धरतात. पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू फारच कमी असतो, कारण हवेच्या मानानं पाण्यात तो सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. अशा ठिकाणचे जिवाणू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी नायट्रेट (खतांतून येणारं नायट्रोजनचं संयुग) वापरतात आणि त्याचा नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. शेतातून वाहून आलेल्या खताचा काही भाग असा परस्पर निकालात निघतो.

इथल्या पक्ष्यांत अडई, छोटा पाणकावळा, काळ्या डोक्याचा शराटी आहेत. पण मला सर्वांत विलक्षण वाटतो तो तांबूस पंखांचा कमळपक्षी. बोटं इतकी लांब की अंगाचा भार पसरतो आणि तो तरंगत्या पानांवरून खुशाल चालतो. यांच्यात मादी अनेक नरांशी जोडी जमवते. अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडे. धोका दिसला की तो पिल्लांना पंखाखाली धरून उचलून नेतो. घरटं तरंगत्या वनस्पतींवर असल्यानं पाणी एकदम चढलं की अंडी बुडू शकतात.

म्हणूनच सुशोभीकरणाच्या नावाखाली तळी खोल करणं आणि काठ दगडांनी बांधणं मला घातक वाटतं. खोल पाण्यात तळाशी ऊन पोहोचत नाही आणि तिथली झाडोऱ्याची मुळं जातात. बांधलेल्या काठाला शराटीनं वाकडी चोच खुपसावी असा मऊ चिखलच उरत नाही.