जिलेबीचा रंग लोकरीला का बसतो?

जिलेबीच्या पिठात घालायच्या पिवळ्या रंगाच्या पुडीवर बारीक अक्षरांत बहुधा 'टार्ट्राझिन' असे छापलेले आढळते. कापड रंगवणाऱ्यांच्या रंगसूचीत हेच द्रव्य 'ॲसिड यलो २३' या नावाने नोंदलेले आहे. कारमोझिन हा खाण्याचा लाल रंग तेथे 'ॲसिड रेड १४' आहे, तर ब्रिलियंट ब्लू 'ॲसिड ब्लू ९'. म्हणजे स्वयंपाकघरातल्या या डब्या मुळात लोकर रंगवण्याच्या रंगांच्याच कुळातल्या आहेत.

या रंगांच्या रेणूंवर सल्फोनेट गट, म्हणजे गंधक आणि ऑक्सिजन असलेले अणूंचे पुंजके, असतात. त्यांच्यामुळे रंग पाण्यात सहज विरघळतो आणि विरघळला की रेणूवर ऋणभार येतो. लोकर ही केराटिनची, म्हणजे आपल्या केसांसारखीच प्रथिनाची बनलेली असते आणि तिच्यात नायट्रोजन असलेले अमिनो गट असतात. पाण्यात व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व घातले, की आम्लातील हायड्रोजन आयन या गटांना चिकटतात, ते धनभारित होतात आणि ऋणभारित रंगाला ओढून घेतात. सुती धागा सेल्युलोजचा असतो, त्याच्यात असे अमिनो गट नसतात. म्हणून त्याला लागलेला हाच रंग पहिल्या धुण्यातच बहुतेक निघून जातो.

खरी फसगत दुकानातच होते, कारण 'लोकर' म्हणून मिळणारे पुष्कळसे गुंडे ॲक्रिलिक या कृत्रिम धाग्याचे असतात आणि त्यांच्यावर हा रंग टिकत नाही. बोटभर धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख चुरडता येते. ॲक्रिलिक मात्र वितळते आणि त्याचा कडक मणी उरतो. धनगरी घोंगडीची काळी लोकर शंभर टक्के अस्सल असली तरी तिच्यावर चढलेला रंग दिसणार नाही, तेव्हा पांढरीच लोकर घ्यावी.

१०० ग्रॅम लोकरीची सैल बांधलेली लडी अर्धा तास कोमट पाण्यात भिजवावी, म्हणजे रंग सगळीकडे सारखा शिरतो. स्टीलच्या पातेल्यात सुमारे ३ लिटर पाणी, त्यात विरघळवलेला रंग आणि अर्धी वाटी व्हिनेगर घेऊन लडी त्यात बुडवावी व मंद आचेवर उकळीच्या अलीकडे अर्धा ते पाऊण तास ठेवावी. ढवळण्याचा मोह आवरावा. लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे खवले असतात. ओल्या, गरम तंतूंना घुसळले की ते एकमेकांत अडकतात आणि लडीचा नमदा, म्हणजे घट्ट चिकटलेला लोकरीचा थर, होतो. माझी पहिली लडी अशीच, नळाच्या गार पाण्याखाली घाईने चोळल्यामुळे, आखडून दोरखंडासारखी झाली. म्हणून पातेले झाकून आपोआप थंड होऊ द्यावे.

या अर्ध्या-पाऊण तासात पाण्याकडे पाहत राहण्यात मजा आहे. आधी गडद असलेले पाणी हळूहळू फिकट होते आणि शेवटी चमच्यात घेतले तर जवळजवळ नितळ दिसते, कारण रंग पाण्यात उरलेलाच नसतो. जांभळा मिश्रणातून केलेला असेल तर लाल द्रव्य बहुधा आधी पकडते आणि निळे मागे राहते. लडीवर कुठे गुलाबी, कुठे निळसर ठिपके येतात. एकसारखा जांभळा हवा असल्यास व्हिनेगर शेवटी, थोडे थोडे घालावे, म्हणजे पकड हळू होते. मला स्वतःला ते ठिपकेच जास्त आवडतात.

आम्लाने बसलेला रंग अल्कलीने सैल होतो, म्हणून अशी लोकर धुण्याच्या सोड्यात घालू नये. रिठ्याचे पाणी उत्तम. हळदीनेही लोकर सुंदर पिवळी होते, पण तिचा रंग उन्हात लवकर विटतो. शिवाय हळदीत चुना मिसळला की कुंकू होते, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे; हळदीने रंगवलेला मफलर साबणाच्या पाण्यात पडला, तर तोही तसाच तांबूस होतो.