धुराड्याला लावलेला वजनकाटा

सुरतच्या पांडेसरा, सचिन, पलसाणा या पट्ट्यात साड्यांच्या कापडाला रंग देणारी आणि छपाई करणारी शेकडो प्रोसेस हाउस आहेत. रंगाईला वाफ लागते, वाफेसाठी बॉयलर लागतो आणि बॉयलरमध्ये जळतो कोळसा नाहीतर लिग्नाइट, म्हणजे हलक्या प्रतीचा तपकिरी कोळसा. त्या धुराड्यांतून बाहेर पडणारे धूलिकण शहराच्या श्वासात जातात. खानदेशातून कामासाठी गेलेल्या हजारो मराठी कुटुंबांची वस्ती याच बाजूला, उधना-लिंबायतकडे आहे. याच धुराड्यांवर २०१९ पासून कायद्याचा एक वेगळा प्रयोग सुरू झाला. धूलिकणांसाठी सुरू झालेली ही जगातली पहिली परवाना-बाजारपेठ, म्हणजे धूळ सोडण्याच्या परवान्यांची कारखान्यांनी आपापसात करायची खरेदी-विक्री. आता कार्बनसाठी देशभर बाजार उभा राहतो आहे, म्हणून सुरतेत नेमके काय केले हे बारकाईने पाहायला हवे.

आपल्याकडे हवेचा कायदा नव्हता असे नाही. वायू (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा १९८१ चा आहे. कलम २१ प्रमाणे राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राशिवाय कारखाना चालवता येत नाही, आणि कलम २२ प्रमाणे ठरवून दिलेल्या मानकापेक्षा जास्त उत्सर्जन करता येत नाही. पण मानक मोडले तर पुढे काय, इथे गाडी अडायची. मंडळाच्या हातात दोनच मोठी हत्यारे होती. एक म्हणजे फौजदारी खटला. त्यात कलम ३७ खाली किमान दीड वर्षाची कैद होती. दुसरे कलम ३१अ, म्हणजे कारखाना बंद करण्याचा किंवा त्याची वीज-पाणी तोडण्याचा आदेश.

खटल्यासाठी पुरावा लागतो आणि पुराव्याची वाट कलम २६ मधून जाते. नमुना घेण्याआधी कारखान्याला नोटीस द्यायची, त्याच्या माणसासमोर नमुना घ्यायचा, डबा सीलबंद करून त्यावर दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचा. यातली एक पायरी चुकली की अहवाल न्यायालयात टिकत नाही. टिकला तरी खटला वर्षानुवर्षे चालतो. बंदीचा आदेश लगेच लागू होतो, पण त्यात चारशे कामगारांचा पगार थांबतो. म्हणून तो अगदी टोकाच्या प्रकरणातच काढला जातो. मधल्या हजारो कारखान्यांना, म्हणजे मानकापेक्षा थोडे किंवा बरेच जास्त सोडणाऱ्यांना, हे कायदे स्पर्शच करत नव्हते. शिक्षा फार मोठी आणि फार दुर्मिळ असली की तिचा धाक उरत नाही.

जनविश्वास कायद्याने १ एप्रिल २०२४ पासून ही कैद काढून तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. तो न्यायालयाऐवजी नेमलेला अधिकारी ठरवतो. यावर ‘प्रदूषण करणाऱ्याला सूट दिली’ अशी टीका झाली आणि ती समजण्यासारखी आहे. पण न होणाऱ्या कैदेपेक्षा होणारा दंड बरा, असे मला वाटते. प्रश्न एवढाच की तो होणार का, आणि त्याआधी कोणाचे किती चुकले हे कळणार का.

इथे मोजमापाकडे यावे लागते. पर्यावरणाच्या कायद्यातला हा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

सुरतेतल्या या बॉयलरांना लागू असलेले जुने मानक होते दर सामान्य घनमीटर वायूत १५० मिलिग्रॅम धूलिकण. ‘सामान्य’ म्हणजे २५ अंश सेल्सिअस आणि ७६० मिलिमीटर पारा या स्थितीला आणून मोजलेला. हा आकडा तपासायचा तर धुराड्यावर चढून भोकातून नळी आत सरकवावी लागते. नळीत काचतंतूंचे गाळणे असते. त्याचे आधी वजन करायचे, वायू ओढायचा, मग वाळवून पुन्हा वजन करायचे. यात एक मेख आहे. धुराड्यात वायू ज्या वेगाने वर जातो, नळीनेही त्याच वेगाने तो ओढला पाहिजे. पंप जास्त वेगाने ओढला तर जड कण वळत नाहीत, सरळ निघून जातात आणि आकडा खोटा कमी येतो. कमी वेगाने ओढला तर उलट होते. शिवाय धुराच्या मार्गात कुठे झडप उघडी ठेवून बाहेरची हवा आत घेतली तर धूळ तितकीच राहते, पण दर घनमीटरचा आकडा उतरतो. त्यासाठी ऑक्सिजन किंवा कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण मोजून दुरुस्ती करावी लागते. वर्षातून एक-दोनदा, आधी कळवून घेतलेल्या अशा नमुन्यावरून बाकीच्या दिवसांचे काय समजणार?

आणि मोजणारा कोणाचा, हाही प्रश्न आहेच. गुजरातमध्ये कारखान्यांनी त्रयस्थ लेखापरीक्षकाकडून पर्यावरण तपासणी करून घ्यायची, अशी पद्धत होती. परीक्षकाची निवड कारखानाच करणार, पैसेही कारखानाच देणार. एस्थर डफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी ही पद्धत तपासली. त्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. परीक्षकांच्या अहवालांत धूलिकणांचे मानक मोडणारे कारखाने ७ टक्के होते. पुन्हा मोजल्यावर ते ५९ टक्के निघाले. खोटे आकडेही मानकाच्या जेमतेम खाली गर्दी करून बसलेले होते. मग काही कारखान्यांसाठी नियम बदलून पाहिले. परीक्षक चिठ्ठी टाकून नेमायचा, त्याची ठरावीक फी सामाईक निधीतून द्यायची आणि त्याच्या मोजणीची अधूनमधून फेरतपासणी करायची. खोटा ‘सगळे ठीक’ शेरा ८० टक्क्यांनी घटला. आणि कारखान्यांनी प्रत्यक्ष प्रदूषणही कमी केले. मानक तेच, यंत्रसामग्री तीच. बदलले होते ते फक्त पैसे कोणाकडून येतात, नेमणूक कशी होते आणि मोजणी पुन्हा तपासली जाते का.

सुरतेत पुढची पायरी गाठली. धुराड्यातच सतत मोजणारी यंत्रे बसवली. एका प्रकारात धातूची दांडी धुराड्यात आडवी असते. कण तिच्यावर आदळताना, जवळून जाताना सूक्ष्म विद्युतभार तयार होतो आणि त्यावरून धुळीचा अंदाज येतो. दुसऱ्या प्रकारात प्रकाशाचा झोत कणांवरून किती विखुरतो ते मोजतात. आकडे थेट मंडळाच्या सर्व्हरवर जातात. ही यंत्रे धूळ तोलत नाहीत, संकेत देतात. त्या संकेताचे मिलिग्रॅममध्ये रूपांतर करायला आधीची ती नळी-गाळण्याची पद्धत वापरून यंत्राचा मेळ बसवावा लागतो. इंधन बदलले, लिग्नाइटवरून आयात कोळशावर गेले, की कणांचा आकार बदलतो आणि मेळ पुन्हा घालावा लागतो. ओल्या स्क्रबरनंतर, म्हणजे धूर पाण्याने धुणाऱ्या यंत्रानंतर, दांडी बसवली तर पाण्याचे थेंबही धूळ म्हणून मोजले जातात. आणि यंत्र बंद पडले, किंवा पाडले, तर? त्यावरचा उपाय नियमातच आहे. आकडे नसलेल्या तासांसाठी कारखान्याच्या खात्यात जास्तीचे उत्सर्जन धरले जाते. माहिती दडवणे त्यामुळे महाग पडते. माझ्या मते संपूर्ण योजनेतली ही सर्वांत शहाणी ओळ आहे.

सतत मोजणी आली की कायदा प्रमाणाऐवजी वजनावर बोलू शकतो. समजा, एका धुराड्यातून तासाला २०,००० घनमीटर वायू जातो आणि तो बरोबर १५० च्या मानकावर आहे. म्हणजे तासाला ३ किलो धूळ, दिवसाला ७२ किलो, ३० दिवसांत २,१६० किलो. शेजारचा कारखाना १६० वर आहे, पण रोज एकच पाळी चालवतो. त्याची धूळ महिन्याला ७७० किलोच्या आसपास. जुन्या कायद्यात दुसरा गुन्हेगार आणि पहिला निर्दोष. फुप्फुसांच्या हिशेबात मात्र उलट.

सुरतच्या बाजारात सगळ्यांच्या धुळीच्या बेरजेवर कमाल मर्यादा घातली. सुरुवातीला ती महिन्याला २८० टन होती. पुढे टप्प्याटप्प्याने १७० टनांवर आणली. साधारण १६० कारखाने होते. म्हणजे एकाच्या वाट्याला सरासरी टनभर. एक किलो धुळीला एक परवाना. ८० टक्के परवाने मोफत वाटले, उरलेले लिलावात. त्यानंतर कारखाने आपापसात खरेदी-विक्री करणार. भाव किलोला ५ रुपयांच्या खाली आणि १०० रुपयांच्या वर जाऊ द्यायचा नाही. कालावधी संपला की हिशेब. जितके किलो सोडले तितके परवाने खात्यात नसतील तर कमी पडलेल्या प्रत्येक किलोला कमाल भावाच्या दुप्पट भरपाई. ती वसूल करायला कोर्टात जायचे नाही, कारखान्याने आधीच ठेवलेल्या अनामत रकमेतून कापायची.

विकत घेऊन प्रदूषण करायचे, ही कल्पना अनेकांना खटकते. ती काम कशी करते हे बॉयलरच्या मागे उभे राहिले की कळते. साध्या सायक्लोनमध्ये धूर गरगर फिरतो, जाड धूळ खाली पडते, बारीक निसटते. बारीक धूळ अडवायला बॅग फिल्टर हवा. त्यात कापडी पिशव्यांच्या रांगा असतात, आणि ठरावीक वेळाने दाबाच्या हवेचा झटका देऊन त्यांवरची धूळ झाडायची. साध्या पॉलिएस्टरच्या पिशव्या १३० अंशांच्या पुढे टिकत नाहीत, ठिणगीने भोक पडते. उलट धूर फार थंड झाला तर त्यातली वाफ आणि आम्ल पिशवीवर जमते, धुळीचा चिखल होतो आणि पिशवी गच्च बसते. म्हणूनच बॉयलर पेटवताना धूर फिल्टरला वळसा घालून थेट धुराड्यात सोडतात. वळशाची ती झडप नंतर वेळेवर बंद झाली नाही की लाखोंचा फिल्टर असून नसल्यासारखा. पिशव्या चोंदल्या की पंख्याला जास्त वीज लागते, त्यामुळे ती झडप उघडी ठेवण्याचा मोह कायमचा असतो.

एखाद्या कारखान्याकडे चांगला फिल्टर आहे. त्याला फक्त पिशव्या वेळेवर बदलायच्या आहेत. समजा, त्याला किलोभर धूळ कमी करायला ६ रुपये पडतात. दुसऱ्याकडे जागाच नाही, त्याला ४० रुपये पडतात. मधल्या कुठल्याही भावात सौदा झाला तर दोघांचा फायदा, आणि एकूण धूळ मर्यादेपलीकडे जात नाही. मुख्य म्हणजे मानक पाळून बसलेल्या कारखान्यालाही आणखी कमी करण्याचे कारण मिळते. १५० वर असलेल्याने १२० वर यावे, असे जुना कायदा कधीच म्हणत नव्हता.

निकाल काय? या योजनेचा अभ्यास ३१७ कारखान्यांवर झाला. साधारण निम्मे चिठ्ठीने बाजारात घेतले, बाकीचे जुन्याच नियमांखाली ठेवले. मोजणीची यंत्रे दोन्ही गटांना होती, त्यामुळे फरक यंत्रांचा नव्हे, नियमांचा. ग्रीनस्टोन, पांडे, रायन आणि अनंत सुदर्शन यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार बाजारातल्या कारखान्यांची धूळ २० ते ३० टक्क्यांनी कमी झाली, तेवढीच घट साधण्याचा खर्च ११ टक्क्यांनी उतरला, आणि ९९ टक्के वेळा कारखान्यांकडे पुरेसे परवाने होते. हा शेवटचा आकडा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण हेच कारखाने आधीच्या कायद्याला जुमानत नव्हते.

ही कल्पना आकाशातून पडलेली नाही. अमेरिकेने १९९० च्या दुरुस्तीने वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडसाठी असाच बाजार उभारला. तिथे धुराड्याला सतत मोजणीचे यंत्र होते आणि जास्तीच्या टनामागे २,००० डॉलरचा आपोआप लागणारा दंड होता. युरोपने २००५ मध्ये कार्बनचा बाजार सुरू केला, पण पहिल्या टप्प्यात गरजेपेक्षा जास्त परवाने वाटले आणि २००७ मध्ये भाव जवळजवळ शून्यावर आला. बाजार होता, मर्यादाच सैल होती.

बाजार सगळ्या प्रदूषणाला चालत नाही, हेही ठासून सांगायला हवे. धूलिकण जिथे सुटतात तिथेच त्रास देतात. एका वस्तीजवळच्या कारखान्यांनी परवाने विकत घेतले तर तिथली हवा सुधारणार नाही. पारा, क्रोमियम यांचा तर सौदाच होऊ नये, तिथे सरळ बंदी आणि कडक मानकच हवे. कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. तो हवेत मिसळून जगभर पसरतो. चंद्रपूरला सुटला काय आणि चेन्नईला काय, तापमानावरचा परिणाम एकच. म्हणून बाजाराला तो धुळीपेक्षाही जास्त योग्य आहे.

भारताने त्यासाठी ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती केली आणि जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन) आणि कागद या क्षेत्रांतल्या २८२ कारखान्यांना लक्ष्ये लावली. लक्ष्यापेक्षा कमी उत्सर्जन केले तर क्रेडिट, म्हणजे विकता येणारे प्रमाणपत्र, मिळते; लक्ष्य चुकले तर क्रेडिटच्या सरासरी भावाच्या दुप्पट भरपाई. हे सुरतेसारखेच दिसते, पण एक मोठा फरक आहे. इथे एकूण उत्सर्जनावर मर्यादा नाही. दर टन मालामागे किती उत्सर्जन, यावर लक्ष्य आहे. सिमेंट कंपनीने टनामागचे उत्सर्जन ३ टक्के कमी केले आणि उत्पादन ८ टक्क्यांनी वाढवले, तर एकूण उत्सर्जन जवळपास ५ टक्क्यांनी वाढते, तरीही ती लक्ष्य गाठू शकते. वाढत्या अर्थव्यवस्थेसाठी ही सुरुवात म्हणून समजू शकते. पण सुरतेत जे २८० वरून १७० टनांवर आणता आले, ते अशा रचनेत आणता येत नाही, कारण खाली ओढायला एकूण आकडाच नाही.

दुसरी काळजी पडताळणीची. सिमेंटमधला निम्म्याहून अधिक कार्बन चुनखडी तापवताना तिच्यातूनच निघतो, उरलेला इंधनातून. हा आकडा धुराड्यावर मोजलेला नसतो. किती चुनखडी, किती कोळसा, किती वीज वापरली या नोंदींवरून तो काढला जातो. नोंदी तपासणारी मान्यताप्राप्त संस्था कारखाना स्वतः नेमतो आणि तिची फीही कारखानाच देतो. ७ आणि ५९ टक्क्यांमधली दरी याच मांडणीतून निघाली होती. ती बुजवायला नवा कायदा लागत नाही. संस्था चिठ्ठीने नेमायची, फी सामाईक निधीतून द्यायची आणि दर वर्षी काही अहवालांची न कळवता फेरतपासणी करायची, एवढी दुरुस्ती नियमांत बसते. क्रेडिटांचे सौदे जोर धरण्याआधीच ती झाली पाहिजे, कारण एकदा खोट्या आकड्यावर क्रेडिट निघून विकले गेले की ते परत घेणे कोणाच्याच हाती राहत नाही.