पाकळी मान का टाकते?

गेल्या जुलैत भाचीच्या केकसाठी शुगरपेस्टचे, म्हणजे साखरेच्या लाटता येणाऱ्या कणकेचे, नऊ गुलाब केले, डोंबिवलीच्या घरात, खिडकी उघडी टाकून. रात्री पाकळ्या ठीक होत्या. सकाळी पाहते तो सगळ्यांनी माना टाकलेल्या आणि कडांना चिकट घाम.

पेस्टच चुकीची निवडली होती. मी वापरलं ते केकवर पांघरायचं फॉन्डंट: आयसिंग शुगर, ग्लुकोज सिरप, जिलेटिन (शाकाहारी असेल तर अगार किंवा एखादा डिंक) आणि थोडं ग्लिसरीन. पाणी त्यात जेमतेम काही चमचे. एवढ्याशा पाण्यात सगळी साखर विरघळूच शकत नाही. विरघळेल तिचा दाट पाक होतो आणि उरलेले कण त्या पाकात एकमेकांवरून सरकत राहतात, म्हणून ते कणकेसारखं लाटता येतं. ग्लुकोज सिरप कशाला? आपण पाकात लिंबू पिळतो त्याच कारणासाठी. लिंबातल्या आम्लाने काही साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे तुकडे होतात. हे तुकडे साखरेच्या स्फटिकात नीट बसत नाहीत, त्यामुळे पाकाची पुन्हा साखर होत नाही.

ग्लिसरीन मात्र हवेतलं बाष्प ओढून घेतं. केकवरचं पांघरूण मऊ राहतं ते त्यामुळेच, आणि पाकळीला नेमकं तेच नको असतं. नुसती साखर साधारण ८५ टक्के आर्द्रतेपर्यंत बऱ्यापैकी कोरडी राहते. ग्लुकोज, ग्लिसरीन मिसळलं की ही हद्द खाली येते. संक्रांतीच्या हलव्याचे काटे टिकतात, कारण त्यावर निव्वळ साखरेच्या पाकाचे थर असतात, शिवाय जानेवारीची हवा कोरडी. मुंबईकडचा जुलै तर ८५चा आकडा सहज ओलांडतो. तिथे माझ्या गुलाबांचं काय चालणार!

फुलं करायच्या पेस्टमध्ये सीएमसी नावाची पूड मळतात, पाव किलोला साधारण एक चमचा. पूर्ण नाव कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज. वनस्पतींच्या सेल्युलोजपासूनच बनवलेलं. त्याच्या लांब साखळ्या पाणी शोषून फुगतात, एकमेकींत गुंततात आणि वाळल्या की ताठ होतात. मग कागदासारखी पातळ पाकळी लाटता येते. ती फोमवर ठेवून बॉल टूलने (टोकाला गोळी असलेल्या दांडीने) कड दाबत नेली की कड आपोआप लाटेसारखी वळते. मला या कामात सगळ्यांत आवडतं ते हेच. कड लांबली, मधला भाग होता तेवढाच राहिला. जादा लांबी जाणार कुठे? लेट्यूसच्या पानाला झालर पडते ती याच भूमितीने.

दुसऱ्या खेपेचे गुलाब एसीच्या खोलीत वाळवले, कारण एसी खोलीतल्या हवेचं पाणीही काढतो. दोन दिवसांत पाकळीवर टिचकी मारली की टक् वाजायला लागलं.

तरी एक धोका उरतोच. फ्रिजमधून काढलेल्या केकला गार बाटलीसारखाच घाम फुटतो आणि फुलांचे रंग ओघळतात. तेव्हा खोका बंदच बाहेर काढायचा, गारवा जाईपर्यंत उघडायचा नाही. पाणी जमायचं ते खोक्यावर जमू दे.