टेनिस : लहान मुलांचे समन्वय-शिक्षण

साधारण चार ते आठ वर्षांच्या मुलांना फटके शिकवण्याआधी आणि पुढे त्यांच्या जोडीने नजर, हात, पाय व तोल यांचा मेळ बसवायला शिकवण्याची पद्धत. या वयात मुलाची खरी अडचण चेंडूचा अंदाज घेण्याची असते. टप्पा कुठे पडेल, चेंडू किती उसळेल, तिथे पोहोचायला किती पावले लागतील, हे त्याला अजून उमगलेले नसते.

म्हणून सुरुवात फुग्याने करतात. फुगा सावकाश खाली येतो, त्यामुळे नजर त्याच्यावर टिकते आणि पायांना जागा घ्यायला सवड मिळते. मग घरंगळत येणारा चेंडू अडवणे, एका टप्प्यानंतर तो झेलणे, तळहाताने परतवणे आणि शेवटी आखूड रॅकेट. यात टप्प्यानंतरच्या झेलाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. शरीराच्या थोडे पुढे, कमरेच्या उंचीवर चेंडू पकडणारे मूल फोरहँडची, म्हणजे तळहात पुढे ठेवून मारायच्या फटक्याची, जागाच शिकत असते. खांद्यावरून लांब चेंडू फेकण्याचा सरावही असाच मोलाचा, कारण सर्व्हिसची (डाव सुरू करणाऱ्या फटक्याची) हालचाल त्याच फेकीतून घडते. लगोरीत नेम धरणाऱ्या आणि सागरगोटे झेलणाऱ्या मुलांची यातली बरीच तयारी खेळता खेळता झालेली असते.

साधनेही मुलाच्या मापाची लागतात. नेहमीचा चेंडू २५४ सेंमी. उंचीवरून सोडला की १३५ ते १४७ सेंमी. उसळतो. जोराने मारलेला चेंडू तर सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरूनच जातो आणि मूल मागे सरत वेडावाकडा फटका मारते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००७ मध्ये ‘प्ले अँड स्टे’ मोहीम सुरू करून संथ चेंडूंचा पुरस्कार केला. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के, नारिंगी ५० टक्के आणि हिरवा २५ टक्के संथ असतो. लाल चेंडूसाठी कोर्ट जेमतेम ११-१२ मी. लांब, जाळी ८० सेंमी. उंच. २०१२ पासून दहा वर्षांखालील स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरता येत नाही.

सरावात मुलांना रांगेत उभे करून एकेकाला चेंडू देण्याची सवय मात्र घातक आहे. मूल खेळण्यापेक्षा वाट पाहण्यातच जास्त वेळ घालवते. त्याऐवजी जोड्या लावाव्यात. एकाने हाताने चेंडू टाकावा, दुसऱ्याने एका टप्प्यानंतर झेलावा आणि चार-पाच झेल सलग जमले की दोघांनीही एकेक पाऊल मागे सरकावे.